ढगांची ओळख : उघड्या आभाळाखालचा एक पाठ

ढगांचा धडा आपल्याकडे बहुधा भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकविला जातो. सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावे मुलांकडून घोकून घेतली जातात आणि वर्गाच्या दारापासून दहा पावलांवर जो विषय विनामूल्य उपलब्ध आहे, तो चित्रात दाखविला जातो. पुष्कळदा तर धड्याची पाळी येते तेव्हा पावसाळा संपून आभाळ निरभ्र झालेले असते. हा क्रम बदलावयास हवा. धडा पुस्तकात कितव्या पानावर आहे हे न पाहता, आभाळात ढग असतील त्या दिवशी तो सुरू करावा.

खेड्यातील मुलाला या विषयाचे काहीच ठाऊक नसते, असे समजणे चुकीचे ठरेल. मळभ, झड, वळीव, खळे हे शब्द त्याने घरात आणि शेतावर ऐकलेले असतात. ढग गडगडू लागले की आभाळात म्हातारी हरभरे भरडते, हेही त्याला माहीत असते. शिक्षकाने प्रथम हे शब्द मुलांकडून काढून घेऊन फळ्यावर लिहावेत. यांपैकी प्रत्येक शब्दामागे एक विशिष्ट ढग आहे. लंडनमधील ल्यूक हॉवर्ड या औषध व्यावसायिकाने १८०२ साली ढगांचे वर्गीकरण मांडले तेव्हा त्यानेही केसासारखे तंतू, ढीग आणि थर या साध्या आकारांचाच आधार घेतला. त्याने दिलेल्या लॅटिन नावांच्या पायावर आजची दहा मुख्य प्रकारांची आंतरराष्ट्रीय पद्धत उभी आहे. तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ ही आपली नावे त्याच अर्थाची आहेत.

ढग कसा बनतो हे सांगताना एक चूक सर्रास होते. ढग म्हणजे वाफ, असे सांगितले जाते. वाफ डोळ्यांना दिसत नाही. उकळत्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहिल्यास तोंडाजवळ थोडी जागा मोकळी दिसते आणि पांढरा लोट त्यापुढे सुरू होतो. वाफ आहे ती त्या मोकळ्या जागेत. पांढरे दिसते ते पाण्याचे सूक्ष्म थेंब होत. ढग हा अशा थेंबांचा, आणि फार उंचावर हिमकणांचा, समूह असतो.

यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. मऊ प्लॅस्टिकची एक पारदर्शक बाटली घ्यावी. तीत थोडे कोमट पाणी घालून, झाकण घट्ट लावून ती हलवावी. मग बाटली दोन्ही हातांनी जोराने दाबून एकदम सोडावी. विशेष काही दिसणार नाही. आता झाकण काढून उदबत्तीचा थोडा धूर आत जाऊ द्यावा आणि तीच कृती पुन्हा करावी. सोडताच बाटलीत धुके दाटते, पुन्हा दाबले की ते विरते. काळा फळा मागे असल्यास हे स्पष्ट दिसते. दाब कमी झाला की हवा प्रसरण पावते, प्रसरणाने थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात. परंतु थेंब धरावयास कणाचा आधार लागतो. आभाळात हे काम समुद्राच्या मिठाचे, धुळीचे व धुराचे कण करतात. कालिदासाने मेघाच्या घटकांत धुराची गणना केली आहे, ही गोष्ट या प्रयोगानंतर सांगितल्यास मुलांच्या सहसा विसरली जात नाही.

आभाळात बाटली दाबून सोडण्याचे काम हवेचे वर चढणे करते. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. तापलेल्या जमिनीवरून ती चढते, तशीच सह्याद्रीसारखी भिंत आडवी आली की समुद्रावरून येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यास चढावेच लागते. महाबळेश्वरी तर ढगच जमिनीवर उतरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी २०१२ साली तेथे प्रयोगशाळा सुरू केली, ती यामुळेच. घाटमाथ्यावरील मुले पावसाळ्यात ढगातून चालत शाळेत येतात. त्यांना तेवढे सांगण्याचाच अवकाश असतो.

गणिताच्या तासासाठी एक उदाहरण. ढगातील थेंबाचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर आणि पावसाच्या थेंबाचा २ मिलिमीटर धरल्यास, पावसाचा एक थेंब होण्यास ढगातील किती थेंब एकत्र यावे लागतील? उत्तर दहा लाख असे येते. प्रत्येक ढग का बरसत नाही, याचा उलगडा मुलांना त्या आकड्यातून होऊ लागतो.

आता ओळख. सर्वांत उंचावर पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे दिसतात ते तंतुमेघ. त्यांचाच पातळ पडदा पसरला म्हणजे तंतुस्तरमेघ होतो आणि चंद्राभोवती वा सूर्याभोवती खळे पडते. हा पडदा असतानाही जमिनीवर सावली पडते. पडदा खाली उतरून दाट झाला, सूर्य घासलेल्या काचेआडून पाहावा तसा पुसट झाला आणि सावली नाहीशी झाली, म्हणजे तो मध्यस्तरमेघ. आपण मळभ म्हणतो ते पुष्कळदा हेच. सूर्य पूर्ण झाकून तासन्‌तास संथ पाऊस देणारा करडा ढग तो वर्षास्तरमेघ; झड लागते ती त्याची. सावली पाहून ढग ओळखण्याची ही युक्ती लहान मुलांस फार आवडते आणि त्यांना सूर्याकडे पाहावे लागत नाही. सूर्याकडे थेट पाहू नये, ही ताकीद मात्र आरंभीच द्यावी.

आभाळात ढगांचे लहान लहान पुंजके पसरले असल्यास बोटांनी मोजावे. हात लांब करून करंगळी पुंजक्यावर धरावी. तो करंगळीआड लपला तर तंतुराशिमेघ, त्याहून मोठा पण तीन बोटांच्या आत असेल तर मध्यराशिमेघ आणि तीन बोटांहून मोठा असेल तर स्तरराशिमेघ. क्षितिजाजवळच्या ढगांस ही रीत लावू नये.

उन्हाळ्याच्या दुपारी सपाट तळाचे, फुलकोबीसारख्या माथ्याचे सुटे ढग दिसतात, ते राशिमेघ. तळ सपाट का, हे मुलांना विचारावे. ज्या उंचीवर बाष्पाचे थेंब होऊ लागतात, ती त्या परिसरात सर्वत्र जवळपास सारखीच असते. हाच राशिमेघ दुपारभर उंच वाढत गेला, त्याचा माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा झाला आणि तळ काळवंडला, की तो गर्जन्मेघ होय. वळीव पडतो तो याचा. त्यातून खाली कोसळणारी गार हवा पावसाआधीच धूळ उडवीत येते.

दहा प्रकारांपैकी नऊ मुले विसरली तरी फारसे बिघडत नाही. हा एक मात्र प्रत्येकाला दुरून ओळखता आलाच पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात २,८८७ माणसे वीज पडून मृत्यू पावली. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या पावसात विजेचा धोका विशेष असतो आणि नेमकी त्याच वेळी शेतात माणसे असतात. पाऊस सुरू झाला म्हणजे झाडाखाली जाण्याची सवय घातक आहे. शिवाय वीज पाऊस पोहोचण्याआधीही, ढगापासून दहा किलोमीटरवर पडू शकते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मुलांनी मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर हा हिशेब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या त्याच संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप परिसरातील विजेची सूचना देते. परंतु शेतात फोन नेहमी हाताशी असतोच असे नाही.

शाळेने एक वही ठेवावी. रोज ठरावीक वेळी आभाळाचे मनाने आठ भाग करून किती भाग झाकले आहेत आणि ढग कोणता, याची नोंद मुलांनी पाळीपाळीने करावी. वेधशाळांतही ढगांचे प्रमाण आठव्या भागातच मोजतात. वहीत गर्जन्मेघाची नोंद होईल त्या दिवशी मैदानावरील खेळ थांबविण्याचा अधिकार कोणाचा, आणि शाळेचे छप्पर पत्र्याचे वा व्हरांडा उघडा असल्यास मुलांनी जावयाचे कोठे, हे दोन प्रश्न मात्र शिक्षक आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून, ढग नसताना ठरवून ठेवावेत.