कर्नाटकातील प्रादेशिक असमतोल : विभाग की तालुका?

दरडोई उत्पन्नात कर्नाटक देशातील अग्रेसर राज्यांत गणले जाते. तथापि ही सरासरी फसवी आहे. राज्याच्या एकूण उत्पन्नात एकट्या बंगळूर शहर जिल्ह्याचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक असून दरडोई उत्पन्नात कलबुरगी (पूर्वीचा गुलबर्गा) तळाशी आहे.

या दरीची मुळे 1956 च्या राज्य पुनर्रचनेपूर्वीची आहेत. म्हैसूर संस्थानात 1902 मध्ये शिवनसमुद्र येथे जलविद्युतनिर्मिती सुरू झाली. 1909 मध्ये बंगळूरला भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. निजामी राजवटीतील बिदर, गुलबर्गा, रायचूर या जिल्ह्यांच्या वाट्याला असे काही आले नाही.

महाराष्ट्रात दांडेकर समितीने 1984 मध्ये जिल्हानिहाय अनुशेष काढला होता. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 च्या अहवालात मात्र तालुका हे एकक मानले. 35 निर्देशकांच्या आधारे, राज्याची सरासरी 1 धरून, 175 पैकी 114 तालुके मागास ठरले. त्यांतील 39 अतिमागास. या 39 पैकी 21 गुलबर्गा विभागातील, हे अपेक्षितच होते. परंतु 11 तालुके खुद्द बंगळूर विभागात निघाले, ही बाब विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. राजधानीलगतचे कनकपुरा व मागडी त्यांतच होते.

2012 च्या 98 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371-जे अन्वये हैदराबाद-कर्नाटकातील (2019 पासून कल्याण-कर्नाटक) स्थानिकांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत आरक्षणाची तरतूद झाली. हे संरक्षण विभागापुरते असल्याने कनकपुरा-मागडीसारखे तालुके त्याबाहेर राहिले.