दाखल्यातील टक्का आणि हमालाचा खांदा

वैनगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या कारधा गावातून आसपासच्या राईस मिलमध्ये हमालीस जाणाऱ्यांपैकी माझा धाकटा भाऊ एक होता. धानाचे कट्टे उतरविताना थप्पी कोसळून त्याच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले, यथावकाश ते सांधलेही, परंतु हात खांद्याच्या वर उचलला जाईनासा झाला. नुकसानभरपाईची गोष्ट निघताच मालकाने सरकारी दाखल्यातील ‘20 टक्के अपंगत्व’ या आकड्यावर बोट ठेवले आणि रकमेचा हिशेब त्याच प्रमाणात होईल असे बजावले.

हे म्हणणे वरकरणी रास्त वाटते, आणि गरीब माणूस तेथेच फसतो. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गेल्यास 30, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 असे टक्के मुक्रर होते. परंतु अनुसूचीत न बसणाऱ्या दुखापतीत डॉक्टरांनी ठरवावयाचे ते अर्थार्जनक्षमतेचे नुकसान, केवळ अवयवाचे नव्हे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात 1975 साली संपूर्ण मानले, ते एका हाताने सुतारकाम होत नाही याच कारणास्तव.

म्हणून जखमी कामगाराने डॉक्टरांकडे नुसते एक्स-रे घेऊन जाऊ नये. आपला धंदा कोणता, वजन किती उचलावे लागे, हे तपशीलवार सांगावे आणि ते काम पुन्हा होईल की नाही, याविषयीचा अभिप्राय सकारण लिहून मागावा. मालकाने स्वखर्चाने तपासणी करविण्याची तयारी दाखविल्यास ती विनाकारण नाकारू नये, कारण नकार टिकेल तोवर भरपाईचा हक्क स्थगित राहतो; आणि दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत गुदरावा.

भावाच्या दाव्यात दाखला देणारे डॉक्टर साक्षीस आले नाहीत, तेव्हा प्रतिपक्षाच्या वकिलाने तो कागद पुरावाच नव्हे असा हरकतीचा मुद्दा काढला, आणि तारखांमागून तारखा पडत गेल्या. अखेर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दावा ऐकणाऱ्या नुकसानभरपाई आयुक्तांपुढे शपथेवर उभे राहिले, हा मनुष्य पुन्हा ओझे वाहू शकणार नाही असे त्यांनी उलटतपासणीतही ठामपणे सांगितले, आणि निकाल त्याच जबानीवर झाला. डॉक्टरमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की, अशा प्रकरणी समन्स आल्यास कामाचा खोळंबा सोसूनही साक्षीस अवश्य जावे.