कॅमेरा नंतर घ्या

बारावीचा निकाल लागला की पहिल्या आठवड्यात सल्ल्यासाठी माझ्याकडे पालकांचे इंजिनीअरिंग आणि नीटचे फोन येतात. ते ओसरले की दुसरी लाट येते, आणि गेली काही वर्षं त्या लाटेतला एक प्रश्न जवळजवळ शब्दशः तोच असतो. "अभ्यासात मन नाही हो त्याचं. फोटोग्राफीची आवड आहे. लग्नाच्या फोटोग्राफीत हल्ली खूप पैसा आहे म्हणतात. एखादा चांगला कॅमेरा घेऊन द्यावा म्हणतोय. कोणता घ्यावा?"

उत्तर आधी देऊन टाकते. कोणताही घेऊ नका. निदान या वर्षी तरी नको.

ज्या घरात "फोटो काढून कुणाचं पोट भरतं का?" असं विचारलं जातं, त्या घरातल्या मुलांची मला काळजी वाटतेच. पण तेवढीच काळजी मला कॅमेरा घेऊन देणाऱ्या घरांचीही वाटते. व्यावसायिक कामाची एक फुल फ्रेम बॉडी, दोन बऱ्या लेन्स, फ्लॅश, कार्डं आणि एडिटिंगला चालेल असा संगणक म्हटलं की आकडा सहज पाच लाखांच्या पुढे जातो. पालक ठेव मोडतात किंवा हप्ता लावून घेतात. त्या दिवसापासून तो कॅमेरा मुलाच्या शिकण्याची वस्तू राहत नाही, घरच्यांच्या अपेक्षेची वस्तू होतो. दोन महिने ऑर्डर आली नाही की "कॅमेरा पडून आहे" हे वाक्य रोज जेवताना ऐकू येतं. मग घाईघाईत चुलत बहिणीचं लग्न घेतलं जातं, तेही फुकटात. मुलाला तोवर हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत त्वचेचा रंग कसा सांभाळायचा हेही ठाऊक नसतं. फोटो बिघडतात, नातेवाईक बोलतात आणि एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःला नापास ठरवून मोकळा होतो. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ही ओढ कुठून आली तेही पाहायला हवं. २०१७च्या डिसेंबरमध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं इटलीत लग्न झालं. फिकट गुलाबी रंगांतले ते फोटो घराघरांतल्या मोबाइलवर पोचले आणि तसे कपडे, तशी सजावट, तसे फोटो यांची मागणी जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली. आता प्रत्येकाला 'कॅन्डिड' आणि 'सिनेमॅटिक' हवं असतं. मुलं रील्स पाहतात आणि त्यांना वाटतं, हे काम म्हणजे डोंगरमाथ्यावर धुक्यात जोडप्याला चालायला लावणं. प्री-वेडिंगचा तो एक दिवस खरा असतो. उरलेलं वर्ष रीलमध्ये दिसत नाही.

उरलेलं वर्ष असं असतं. सकाळी सहाला हॉलवर हजर. वधूचा मेकअप चालू असतो त्या खोलीत एक खिडकी, एक ट्यूबलाइट आणि बारा बायका. विधींचा क्रम पाठ असावा लागतो आणि माणसंही ओळखीची करून घ्यावी लागतात. लाजाहोमात लाह्या वधूचा भाऊ देतो, कानपिळीचा मानही त्याचाच, मग तो भाऊ कोणता हे सकाळीच विचारून ठेवावं लागतं. लग्नं एकाच पद्धतीची नसतात. बौद्ध विवाहात वंदना आणि प्रतिज्ञा होऊन मुख्य सोहळा बघता बघता संपतो. वसईच्या चर्चमध्ये कुठे उभं राहायचं ते आधी फादरना विचारावं लागतं. निकाहाच्या वेळी वधू-वर बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात, म्हणून तिथे दोन माणसं लागतातच.

अंतरपाटाचा क्षण घ्या. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू असतं, मामा वधूच्या मागे उभा असतो आणि पन्नास हात मोबाइल उंचावून पुढे आलेले असतात. 'सावधान' झालं की अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, हार घातले जातात. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नसतं. त्या वेळी उडत्या अक्षतांमुळे ऑटोफोकस तांदळाच्या दाण्यावर जाऊन बसतो आणि मागचे चेहरे धूसर येतात. जाणता फोटोग्राफर फोकस चेहऱ्यावर आधीच बांधून ठेवतो. अंतरपाट कोणत्या बाजूला काढणार हे त्याने गुरुजींना विचारलेलं असतं. वधूचा चेहरा कुणी घ्यायचा आणि वराचा कुणी, हे जोडीदाराशी ठरलेलं असतं. हे कोणत्याही महागड्या बॉडीत बसवून मिळत नाही. दुसऱ्याच्या मागे उभं राहून, दहा लग्नं पाहून ते अंगात येतं.

रात्री अकराला रिसेप्शन संपतं, पण काम संपत नाही. झोपण्याआधी कार्डं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायची. एक रॉ फाइल ३०-४० एमबीची धरली आणि दिवसाच्या ४००० फ्रेम धरल्या, तर १२० ते १६० जीबी होतात, तेही व्हिडिओ सोडून. ही कॉपी नीट झाली आहे हे तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. ज्याने हा नियम कंटाळून मोडला, त्याच्यावर एखाद्या घराचं लग्न कायमचं हरवण्याची पाळी येते आणि ते पुन्हा उभं करता येत नाही. त्यानंतर निवड, रंग, अल्बमचं डिझाइन, घरच्यांच्या दुरुस्त्या. "मावशींचा फोटो पानावर नाही" म्हणून करिझ्मा अल्बमचं पान चौथ्यांदा बदलावं लागतं. पैशांची शेवटची बाकी अल्बमवर अडकलेली असते. लग्नातल्या एका दिवसामागे संगणकापुढचे कित्येक दिवस असतात. मुलाला तासन्‌तास एका जागी बसणं जमत नसेल, तर हा व्यवसाय त्याच्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगते.

आणि पंचांग. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. पुढे पौष जातो. अधिक महिना आला तर त्या वर्षी आणखी एक महिना जातो. काढीव मुहूर्तांवर हल्ली लग्नं होतात, पण त्यावर घर चालत नाही. म्हणजे कमाई सात-आठ महिन्यांची आणि हप्ते बारा महिन्यांचे. "एका लग्नाचे लाख रुपये घेतात" असं जे सांगितलं जातं, त्या लाखातून ट्रॅडिशनल फोटोवाला, व्हिडिओवाला, ड्रोनवाला, एडिटर, अल्बमची छपाई आणि प्रवास वजा करून पाहा. उरतं ते बरं असतं, पण ते स्वप्नातल्या आकड्याजवळ नसतं.

ड्रोनचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण वाढदिवसाला ड्रोन भेट देणारे पालकही भेटतात. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला, तर पैसे घेऊन उडवायच्या ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असावं लागतं. ड्रोनची नोंदणी करावी लागते आणि विमानतळाजवळच्या क्षेत्रात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. दुसरी गोष्ट कॉपीराइटची. १९५७च्या कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक ग्राहक ठरतो. आपण काढलेला वधूचा फोटो आपल्या सोशल मीडियाच्या पानावर टाकायचा असेल, तरी लेखी संमती घ्या. तारखा, रक्कम, टप्पे, अल्बमच्या किती दुरुस्त्या आणि संमती, हे सगळं एका पानावर लिहून सही घेतली की निम्मी भांडणं टळतात.

शिक्षणाचे रस्ते थोडक्यात. ज्याला पदवी हवी, त्याने उपयोजित कलेची बीएफए पाहावी. राज्यातल्या महाविद्यालयांत प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते आणि या अभ्यासक्रमात फोटोग्राफी हा एक विषय असतो. पुढे गांधीनगरच्या एनआयडीत फोटोग्राफी डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. चलत्‌चित्राकडे कल असेल तर पुण्याची एफटीआयआय, पण तिथेही पदवीनंतरच. बाकी तीन महिन्यांत 'प्रोफेशनल' करणाऱ्या क्लासांची फी भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि ते आज काय करतात ते विचारा. बीकॉम करत करत ही कला शिकणंही अगदी योग्य आहे. जीएसटी, हिशेब आणि कोटेशन ज्याला समजतं, तो फोटोग्राफर टिकतो. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' हे पुस्तक आज पोर्ट्रेटसाठी आठवलं जातं. त्यांनीही आधी लिंटास या जाहिरात संस्थेत नोकरी केली होती.

आता ज्या वाटेकडे कुणी पाहत नाही, तिच्याविषयी. कुटुंबाचं पोर्ट्रेट.

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्या रात्री काय होतं, ते आठवून पाहा. वर्तमानपत्रात द्यायला, भिंतीवर लावायला फोटो हवा असतो. चार मोबाइल धुंडाळले जातात. शेवटी कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापून काढला जातो, शेजारच्याचा अर्धा खांदा तसाच राहतो आणि मोठा केल्यावर तो चेहरा फुटतो. लग्नावर लाखो रुपये घालवणाऱ्या घरांत आईवडिलांचा एक धड फोटो नसतो. ही गरज घरोघर आहे आणि ती भागवणारे गावात फार थोडे आहेत.

शिवाय हे काम चातुर्मासातही थांबत नाही. बारसं, डोहाळजेवण, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन यांना लग्नाच्या सीझनची वाट पाहावी लागत नाही. आणि गणपती! मुंबई-पुण्याची माणसं कोकणातल्या मूळ घरी जमतात, चार पिढ्या एका छपराखाली असतात, आणि नेमका त्याच वेळी लग्नाचा फोटोग्राफर रिकामा असतो. पडवीच्या कडेला, उन्हाच्या आत, आजीला खुर्चीवर बसवा. अंगणातून येणारा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर मऊ पडतो, त्याला एकही दिवा लागत नाही. चष्म्यावर चमक येत असेल तर काड्या कानावर किंचित उचला, काच खाली झुकते आणि डोळे दिसू लागतात. तिला हसायला सांगू नका. लग्नाआधीचं माहेर कुठलं, ते विचारा आणि ऐकत राहा. तिचे हात फ्रेममध्ये येऊ द्या. मग चांगल्या कागदावर छापून द्या, कारण मोबाइल बदलला की फोटो जातात. एवढ्याला मधल्या दर्जाचा, वापरलेला कॅमेरा आणि एक ५० एमएमची लेन्स पुरते. एका घरचं काम चांगलं झालं की त्याच घरची मुंज, साखरपुडा आणि लग्नही तुमच्याकडेच येतं. या कामात मोठ्या शहरात जाण्याची घाई नसते. कणकवली, चिपळूण, कराड, लातूर कुठेही ते उभं राहतं.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगायला हवं. "रात्रीबेरात्री हॉलवर कशी पाठवायची?" ही काळजी खरी आहे आणि तिला उत्तरंही आहेत. अनोळखी संघात एकटीला पाठवू नका, परतीची सोय करारातच लिहून घ्या. पण त्या काळजीवरून व्यवसायच नाकारू नका. वधूच्या खोलीत, हळदीच्या अंगणात, बाळंतिणीच्या घरी मुलीला जो मोकळेपणा मिळतो तो मुलाला मिळत नाही, आणि कुटुंबं तिला आवर्जून बोलावतात.

आणि ज्या पालकांचा स्वतःचा स्टुडिओ आहे, त्यांनी मुलावर तो लादू नये. दुकान चालू आहे म्हणून मुलगा तिथेच बसला पाहिजे, हा हट्ट डॉक्टर आईबापांच्या हट्टाइतकाच वाईट. पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चाललेलं दुकान पुढची तीस वर्षं चालेल, असं धरून चालू नका.

आता करायचं काय, तेवढं सांगते. सध्या आषाढ आहे. तुमच्या गावातल्या चांगल्या फोटोग्राफरांकडे मागच्या सीझनचे अल्बम तुंबलेले आहेत आणि हाताखाली माणूस हवा आहे. मुलाने स्वतः जावं, वडिलांना सोबत नेऊ नये. "निवड करायला, बॅग उचलायला, लाइट धरायला येतो, शिकवा" एवढं म्हणावं. गणपतीत स्वतःच्या घरच्या वडीलधाऱ्यांची पोर्ट्रेट काढावीत, मोबाइलवर काढली तरी चालेल, आणि ती छापून आणावीत. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. तो एक सीझन त्याला दुसऱ्याच्या हाताखाली पूर्ण करू द्या. जेवणाआधी, जेवणानंतर, पाहुण्यांसमोर "किती मिळाले?" असं विचारू नका. जूनपर्यंत तो टिकला आणि त्याला पुन्हा जावंसं वाटलं, तर मला फोन करा. कॅमेरा कोणता घ्यायचा, ते तेव्हा बसून ठरवू.