कोचला काढलं ते बरोबर का?

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीची चूकभूल द्यावी घ्यावी! आमच्या मेसमध्ये एका वादात अजूनही आमटी गार होते. १९ नोव्हेंबर २०१९ ला टॉटनहॅमने पोचेटिनोला काढलं, ते बरोबर का? साडेपाच वर्षं टीम सांभाळली, जूनमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल खेळवली आणि साडेपाच महिन्यांत घरी!

रूममेट म्हणतो, "चौदाव्या नंबरवर होते रे!" पण १२ मॅचेस म्हणजे सॅम्पल छोटं. म्हणून मागच्या सीझनच्या शेवटच्या १२ पण धरल्या. २४ मॅचेस, २५ पॉइंट्स. सरासरी जेमतेम १.०४. इथे मी जरा गप्प झालो.

मोरिन्योने उरलेल्या २६ मॅचेसमध्ये ४५ पॉइंट्स काढले, सरासरी १.७३. रूममेट खूश! पण थांबा. पोचेटिनोचे पूर्ण पाच सीझन घ्या: १९० मॅचेस, ३६८ पॉइंट्स, म्हणजे १.९४. फारच खाली गेलेलं रीडिंग पुढे बहुधा आपोआप सरासरीकडे येतं, हे आपण स्टॅटिस्टिक्समध्ये शिकतो (आणि पेपर झाला की विसरतो). मग सुधारणा नव्या कोचमुळेच झाली हे कशावरून? शिवाय २०१८ च्या उन्हाळ्यात क्लबने एकही खेळाडू विकत घेतला नव्हता. पार्ट बदलायचे नाहीत आणि ऑपरेटरला काढायचं!

रूममेटचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. रीडिंग सरासरीकडे येतं ते मशीन तेच असेल तर. टीमच दमली असेल तर जुना १.९४ काय कामाचा?

मोरिन्योलाही एप्रिल २०२१ मध्ये काढलं, लीग कपच्या फायनलच्या सहा दिवस आधी. त्यावर आमचं भांडण वेगळंच आहे.