सामन्यांची संख्या आणि श्रमांचे माप

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या आरंभकाळी हा भार एकदोघांवरच असे. १८७९ साली सिनसिनाटीच्या विल व्हाइटने ७५ सामने अथपासून इतिपर्यंत एकट्याने पार पाडले. साय यंग १८९० ते १९११ या काळात ९०६ सामने खेळला. त्यांपैकी ७४९ त्याने पूर्ण केले. ९०६ चा हा उच्चांक १९६८ मध्ये हॉइट विल्हेल्मने ओलांडला. पुढे जेसी ओरोस्को (१९७९-२००३) १,२५२ सामने खेळला; मात्र बहुधा अखेरच्या एखाद्या डावापुरताच. त्याचे एकूण डाव सुमारे १,२९५, तर यंगचे ७,३५६! तात्पर्य, दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी त्यांचे एकक समान आहे काय, हे अभ्यासकाने आधी पाहावे.