काउंटरवरच्या पोराला ॲडमिन पासवर्ड द्यायचा का?

व्हिडिओत घाईत राहून गेलं, ते इथे लिहितो. वर्ध्यात कितीतरी जणांचा घरचा कॉम्प्युटर तोच दुकानाचा. बिलिंग, जीएसटी, मुलांचे गेम, सगळं एकाच अकाउंटवर. माझंही तसंच होतं. पुतण्यानं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि ऐन दिवाळीत दोन दिवस हातानं बिलं लिहिली.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे जाऊन बाकीच्यांना 'स्टँडर्ड युजर' करा. इन्स्टॉल करताना ॲडमिन पासवर्ड मागेल, तो तुम्हीच टाका. तुमचं रोजचं कामही स्टँडर्डवरूनच करा. इथेच लोक आळस करतात.

उबंटू असेल तर पोराला सरसकट 'सुडो' ग्रुपमध्ये टाकू नका. 'व्हिसुडो' उघडून प्रिंटर सर्व्हिस रीस्टार्ट करायची एवढी एकच कमांड त्याच्या नावावर द्या. तो स्वतःचाच पासवर्ड टाकतो, तुमचा लागत नाही. आणि कोणी केव्हा काय चालवलं, त्याची नोंद लॉगमध्ये राहते.