खंजिरी आणि ग्रामसेवा

खेड्यांत भजन सुरू झालें कीं माणसें जमतात, हा आपल्या प्रत्येक उपदेशकाचा अनुभव आहे. परंतु भजन संपतांच मंडळी उठून घरोघर जाते, आणि दुसऱ्या दिवशीं विहिरीभोवतालचा चिखल जसाच्या तसा असतो, हाही अनुभव तितकाच जुना आहे. गाण्यानें जमलेल्या लोकांच्या हातून गांवाचें काम कसें व्हावें, हा प्रश्न आपल्याच प्रांतांतील एका गायकानें जन्मभर पुढें ठेविला. त्यांचें चरित्र या पाठांत पाहूं.

तुकडोजी महाराजांचा जन्म सन १९०९ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील यावली या गांवीं झाला. मूळ नांव माणिक. वडिलांचें नांव बंडोजी, आईचें मंजुळाबाई. घरीं दारिद्र्य असल्यामुळें शाळेचें शिक्षण प्राथमिक वर्गांपलीकडे गेलें नाहीं. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरु. माणिकाचा ‘तुकड्या’ झाला तो त्यांच्याच शब्दानें, आणि पुढें आपल्या भजनांच्या शेवटीं त्यांनीं हेंच नांव घातलें. नांव दीनाचें, भाकरीचा तुकडा खाऊन राहणाऱ्याचें. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांनीं त्यांस ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविलें, तरी भजनांतला तुकड्या तुकड्याच राहिला.

त्यांचें वाद्य खंजिरी. लांकडाचें एक कडें, एका बाजूस ताणलेलें कातडें, आणि कड्याच्या खांचांत बसविलेल्या धातूच्या चकत्या. एवढेंच तिचें भांडवल. ती काखेंत मारून मनुष्य दहा कोस चालूं शकतो, आणि तिला ना साथीदार लागतो ना बिछाईत. पेटी-तबल्यावांचून भजन होत नाहीं अशी तक्रार करणाऱ्या आपल्या कांहीं मंडळ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनीं रचना केली, आणि ती शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यांतली ठेविली.

सन १९३५ मध्यें त्यांनीं नागपूर-अमरावती रस्त्यावरील मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापिला. तेथून सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गांवोगांव गेली. सायंकाळीं सर्वांनीं एका ठिकाणीं ओळींनीं बसावें, जातीचा वा पंथाचा भेद मानूं नये, असा तिचा नियम. वाचकहो, हा नियम आज साधा वाटेल. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस देवळाच्या पायरीपाशींही उभें राहूं देत नसत. त्या काळीं गांवच्या पाटलानें ज्याच्या सावलीचा विटाळ मानावा त्याच्याच शेजारीं बसून प्रार्थना म्हणावी, यास केवढें बळ लागलें असेल! आणि तें बळ पुष्कळ अंशीं गाण्यानें दिलें. एकाच चालींत दहा कंठ मिळाले म्हणजे कोणता कंठ कोणत्या आळीचा हें कानास ओळखतां येत नाहीं. महाराजांची उपासना हिंदु भक्तिमार्गाची होती. आपली तशी नाहीं, हें झांकण्याचें कारण नाहीं. पण एका ओळींत बसण्याचा धडा आपल्या मंडळ्यांतही पुरता गिरविला गेला आहे काय, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवीं पाहावें.

सन १९३६ मध्यें गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामास राहिले. सन १९४२ च्या ऑगस्टांत चिमूर व आष्टी येथें मोठा उठाव झाला, आणि लोकांच्या तोंडीं महाराजांचीं भजनें होतीं. सरकारनें त्यांस पकडून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविलें. गाणें केवळ करमणुकीचें असतें तर सरकारास त्याची एवढी धास्ती वाटली नसती.

सुटून आल्यावर त्यांनीं जें केलें तें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. गायकाभोवतीं लोक जमतात, आणि गायक गेला कीं पांगतात. तसें होऊं नये म्हणून श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गांवोगांव उभ्या राहिल्या. रस्ते झाडणें, विहिरींची सफाई, व्यसनमुक्ति, व्यायाम, वाचन हीं कामें गांवच्याच माणसांनीं करावयाचीं. पुढें सन १९५५ च्या सुमारास ‘ग्रामगीता’ हा त्यांचा मराठी ओवीबद्ध ग्रंथ तयार झाला. त्याचे एकेचाळीस अध्याय आहेत, आणि ग्रंथ त्यांनीं ग्रामदेवतेस, म्हणजे गांवासच अर्पण केला. ओवी निरक्षरासही ऐकून पाठ होते, म्हणून शौचकूप, खत, हुंडा, सावकारी असले विषयही जात्यावरच्या बाईच्या कानीं गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं देशी छंदांत ख्रिस्ती पदें रचिलीं, त्यामागें हीच समज होती. सन १९५५ मध्येंच महाराज विश्वधर्म परिषदेसाठीं जपानांत गेले, आणि खंजिरी बरोबर होतीच.

देशावर संकट येई तेव्हां ते मोझरींत बसून राहत नसत. सन १९६२ व १९६५ च्या युद्धकाळीं त्यांनीं जवानांसाठीं भजनें गाइलीं, आणि डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर आपद्ग्रस्तांच्या साह्यास ते धांवले. तेव्हां त्यांचें आयुष्य वर्षभरही उरलें नव्हतें. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं मोझरीस त्यांचा अंत झाला. सन २००५ मध्यें नागपूर विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें, तें हिंगण्याकडील आपल्या मुलांच्या पदवीपत्रांवर दिसतें. प्राथमिक शाळेंतून घरीं बसलेल्या मुलाचें नांव तेथें यावें, हें मला फार आवडतें.

ज्या उपदेशकांस ग्रामगीता मिळेल त्यांनीं ती प्रथमपासून वाचण्याचा हट्ट धरूं नये. ग्रामशुद्धि, ग्रामआरोग्य व महिलोन्नति यांवरील अध्याय आधीं घ्यावे, मग भजनप्रभाव हा अध्याय वाचावा. आणि वाचन शक्यतों एकट्यानें न करितां सायंकाळीं चार शेजाऱ्यांत मोठ्यानें करावें.